भुतांची रात्र आणि मुलांचा खाऊ

(नभोवाणीवरील भाषण)



ऑक्टोबर महिन्याची एकतिसावी तारीख ही पाश्चात्य देशांत, आणि विशेषतः अमेरिकेंत, भुतांची रात्र म्हणून पाळली जाते. हॅलोवीन हें तिचें नांव. दिवेलागणीच्या सुमारास मुलें हडळीचें, सांगाड्याचें, किंवा रक्त पिणाऱ्या सरदाराचें सोंग घेऊन घरोघर जातात, दार ठोठावतात, आणि घरधनी त्यांच्या झोळींत गोळ्या-चॉकलेटें टाकतो. ओसरीवर कोरलेल्या भोपळ्यांत दिवा जळत असतो. आपल्या मुंबई-पुण्याच्या दुकानांतूनहि आतां त्या दिवसांत मुखवटे आणि प्लॅस्टिकचे भोपळे दिसूं लागले आहेत. कोणी हौसेनें ते विकत घेतो, कोणी त्यांकडे पाहून नाक मुरडतो. परंतु हें प्रकरण मुळांत आहे तरी काय, असा प्रश्न दोघांपैकीं क्वचितच कोणी विचारतो.

शिक्षकाचा पेशा सोडून मला कांहीं वर्षें झालीं, तरी न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्याची खोड गेलेली नाहीं. त्या एका रात्रींत उन्हाळा, पानगळ, मिठाई, राक्षस आणि चित्रपट या पांच गोष्टी एकत्र कशा आल्या, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. सांगतां सांगतां एक गोष्ट आपल्या ध्यानांत येईल. ती अशी कीं, या रात्रीं मनुष्य ज्याला भितो तें त्याला सहसा बाधत नाहीं, आणि जें बाधतें त्याची त्याला भीति वाटत नाहीं.

प्रथम उन्हाळा घेऊं. आयर्लंड, स्कॉटलंड आणि भोंवतालच्या प्रदेशांत केल्ट वंशाचे लोक प्राचीन काळापासून राहत आले. त्यांच्या वर्षाचे मुख्य भाग दोनच, उन्हाळा आणि हिंवाळा. मे महिन्याच्या आरंभीं बेल्टेन या सणाला उन्हाळा सुरू होई, आणि नोव्हेंबरच्या आरंभीं साविन या सणाला तो संपे. 'उन्हाळ्याचा शेवट' असाच साविन या नांवाचा अर्थ जुन्या आयरिश पंडितांनीं लाविला आहे. उन्हाळ्यांत डोंगरावरील कुरणांत नेलेलीं गुरें या सुमारास खालीं गांवांत आणीत. सगळ्या गुरांना हिंवाळाभर पुरेल एवढी वैरण नसे. म्हणून कोणतीं राखावयाचीं आणि कोणतीं मारावयाचीं, याचा निवाडा तेव्हांच करावा लागे. उत्तरेकडील त्या मुलुखांत नोव्हेंबरपासून दिवस झपाट्यानें आखूड होत जातो. घरांतील म्हातारीं माणसें आणि तान्हीं मुलें पुढचा वसंत पाहतील कीं नाहीं, याची कोणालाच खात्री नसे. अशा वेळीं या जगाच्या आणि अदृश्य जगाच्या मधलें दार किलकिलें होतें, अशी समजूत पडली यांत नवल नाहीं. आयर्लंडच्या मध्ययुगीन कथांत अद्भुत प्रसंग घडतात ते बहुधा याच सणाच्या रात्रीं.

सण पहिल्या तारखेचा, मग गडबड आदल्या रात्रीं कां? केल्टांचेच भाईबंद जे गॉल लोक, ते काळाची मोजदाद दिवसांनीं न करितां रात्रींनीं करितात, असें ज्यूलियस सीझरनें लिहून ठेविलें आहे. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई. म्हणून सण आदल्या दिवशींच्या तिन्हीसांजेलाच लागे.

पुढें हे लोक ख्रिस्ती झाले. पोप तिसरे ग्रेगरी, ज्यांची कारकीर्द ७३१ ते ७४१ अशी होती, त्यांनीं रोममध्यें सर्व संतांच्या नांवें एक प्रार्थनामंदिर अर्पण केलें. आणि ८३५ सालीं फ्रँक लोकांचा बादशहा धर्मशील लुई यानें नोव्हेंबरची पहिली तारीख सर्व संतांचा दिवस म्हणून आपल्या राज्यांत लागू केली. इ. स. १००० च्या सुमारास क्लूनीच्या मठाचा अधिपति ओडिलो यानें दुसरी तारीख सर्व मृतात्म्यांसाठीं नेमून दिली. जुन्या इंग्रजींत 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईव्हन' म्हणजे पूर्वसंध्या. हीं दोन पदें झिजून हॅलोवीन झालें. ज्या नांवाला आज भुतांचा वास येतो, त्याचा अक्षरार्थ 'संतांची पूर्वसंध्या' असा आहे!

आतां पानगळ. इंग्रजींतील 'ऑटम' या शब्दाला आपण 'शरद्' असा प्रतिशब्द देतों, आणि तेथें विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते. आपला शरद् म्हणजे पावसाळा सरून निवळलेलें आकाश आणि कोजागरीचें चांदणें. तिकडचा ऑटम म्हणजे रंग पालटून गळणारीं पानें. अमेरिकेंत तर त्या ऋतूला 'फॉल', म्हणजे पडणें, असेंच म्हणतात. हीं पानें रंग कां पालटतात? पानांत पिवळा रंग उन्हाळाभर असतोच, पण हरितद्रव्याच्या दाट हिरवेपणाखालीं तो झांकलेला असतो. दिवस आखूड झाले कीं झाड तें हरितद्रव्य मोडून त्यांतील उपयोगी द्रव्यें परत खोडाकडे ओढून घेतें, आणि झांकलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांचा तांबडा रंग मात्र त्याच वेळीं नव्यानें तयार होतो. शेवटीं देठाच्या बुडाशीं एक पातळ थर निर्माण होऊन पान सुटतें. पाहणाऱ्याला वाटतें, झाड मेलें. वस्तुतः ती हिंवाळ्यांत जगण्याची तजवीज असते.

भोपळ्याची कथा याहून मनोरंजक आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्यें या रात्रीं सलगमाचा कंद पोखरून, त्याला डोळे-तोंड कोरून, आंत दिवा ठेवीत. आयर्लंडच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत डोनेगल परगण्यांतील अशा एका दिव्याचा साचा आहे. तो पाहिला तर वाटतें कीं, आजचा भोपळा त्यापुढें अगदीं हंसतमुख आहे. १८४५ ते १८५२ या काळांत आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि निदान तितकींच देश सोडून गेलीं. त्यांतील पुष्कळ अमेरिकेस पोंचलीं. बरोबर नेण्याजोगें त्यांच्यापाशीं फारसें कांहीं नव्हतें, पण रीतिभाती होत्या. नव्या देशांत त्यांना सलगमापेक्षां मोठा, मऊ आणि पोखरण्यास सोपा असा भोपळा आयताच मिळाला. हा भोपळा मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोंतील एका गुहेंत त्याच्या जातीचें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींचें बीं सांपडलें आहे. आपल्या स्वयंपाकघरांतील तांबडा भोपळाहि त्याच अमेरिकन कुळांतला. दुध्या मात्र त्याहून निराळा आणि आपल्याकडे फार जुना.

आतां मिठाईकडे वळूं. मध्ययुगीन इंग्लंडांत मृतात्म्यांच्या दिवशीं गरीब लोक दारोदार जाऊन त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत, आणि मोबदल्यांत त्यांना 'आत्म्याची पोळी' म्हणून एक लहानसा गोड केक मिळे. या सणाच्या दिवशीं रडक्या सुरांत मागणाऱ्या भिकाऱ्याचा उल्लेख शेक्सपियरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकांतहि आलेला आहे. स्कॉटलंडांत मुलें सोंगें घेऊन फिरत आणि एखादें गाणें म्हणून खाऊ मिळवीत. 'खाऊ द्या, नाहीं तर खोडी काढूं' अशा अर्थाची आजची आरोळी त्या मानानें अगदीं अलीकडची. ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रथम कॅनडांतील वर्तमानपत्रांतून दिसूं लागते. त्या काळीं या रात्रीं टवाळ पोरांचा उपद्रव फार वाढला होता. फाटकें उपटणें, खिडक्या फोडणें हे प्रकार नित्याचे झाले होते. त्यांना गोडीनें आंवरण्याचा उपाय म्हणून गृहस्थांनीं हा खाऊ वाढविला. दुसऱ्या महायुद्धामुळें, १९४२ पासून १९४७ पर्यंत, अमेरिकेंत साखरेवर नियंत्रण होतें. तें उठल्यावर ही चाल देशभर जोरानें पसरली.

या मिठाईंत मक्याच्या दाण्याच्या आकाराची एक तिरंगी गोळी असते. बुडाशीं पिवळी, मध्यें नारिंगी, टोंकाला पांढरी. ती १८८० नंतरच्या दशकांतली असून, पूर्वीं 'कोंबड्यांचें खाद्य' या थट्टेच्या नांवानें विकली जाई. परंतु आपणांस अधिक जवळची गोष्ट निराळीच आहे. या सर्व मिठाईला इंग्रजींत 'कँडी' म्हणतात. हा शब्द इंग्रजींत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्यें अरबीमधून, अरबींत फारसी 'कंद' या शब्दावरून. आणि फारसी कंदाचें मूळ बहुतेक कोशकार आपल्या संस्कृत 'खंड' या शब्दापर्यंत नेतात. आपली खडीसाखर आणि त्यांची कँडी यांचें नातें असें जुनें आहे. 'शुगर' हा शब्दहि 'शर्करा' या शब्दाचाच परदेशीं गेलेला वंशज. उंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्रथम हिंदुस्थानांत साधली, आणि मालाबरोबर नांवहि प्रवासाला निघालें. तेव्हां हॅलोवीनच्या झोळींत जें पडतें, त्यावरचें नांव तरी आपल्या घरचें आहे.

आतां राक्षस. या रात्रीं नेहमीं दिसणारीं दोन सोंगें म्हणजे फ्रँकेनस्टाइनचा राक्षस आणि काउंट ड्रॅक्युला. दोघांचाहि उगम एका नासलेल्या उन्हाळ्यांत आहे. १८१५ सालच्या एप्रिल महिन्यांत हल्लींच्या इंडोनेशियांतील सुंबावा बेटावर तांबोरा नांवाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याचा धुरळा आणि वायु वातावरणांत उंच चढून जगभर पसरले, आणि सूर्याचें तेज मंदावलें. १८१६ हें वर्ष युरोप-अमेरिकेंत 'उन्हाळ्यावांचूनचें वर्ष' म्हणून ओळखलें जातें. अमेरिकेच्या ईशान्य भागांत जून महिन्यांत हिमवर्षाव झाला. युरोपांत पिकें बुडालीं आणि धान्य महाग झालें. त्याच जून महिन्यांत स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा सरोवराच्या कांठीं कवि बायरन, कवि शेली, शेलीची भावी पत्नी मेरी आणि बायरनचा तरुण डॉक्टर पोलिडोरी हीं मंडळी एकत्र आलीं होतीं. पावसानें बाहेर पडतां येईना. भुतांच्या गोष्टी वाचून झाल्या, तेव्हां बायरननें सुचविलें कीं, प्रत्येकानें एकेक गोष्ट स्वतः रचावी. अठरा वर्षांच्या मेरीनें जी रचिली, तीच 'फ्रँकेनस्टाइन'. लेखिकेच्या नांवावांचून ती लंडनमध्यें १ जानेवारी १८१८ रोजीं प्रसिद्ध झाली. ही तारीख महाराष्ट्राला विसरतां येण्याजोगी नाहीं. त्याच दिवशीं भीमेच्या कांठीं कोरेगांवची लढाई चालली होती.

या पुस्तकाविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. फ्रँकेनस्टाइन हें राक्षसाचें नांव नव्हे. त्याला निर्माण करणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचें तें नांव. राक्षसाला नांवच नाहीं. पुस्तकांतील तो राक्षस मुका आणि मठ्ठहि नाहीं. तो भाषा शिकतो, ग्रंथ वाचतो, आणि आपल्या जन्मदात्याला विचारतो कीं, मला घडविलेंस आणि टाकून कां दिलेंस? मेरीची आई मेरीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती. मेरीचें स्वतःचें पहिलें अपत्य १८१५ सालीं जन्मून कांहीं दिवसांतच गेलें. त्यानंतर तें मूल शेकोटीपाशीं चोळून ऊब देतांच पुन्हां जिवंत झालें, असें स्वप्न तिला पडल्याचें तिनें रोजनिशींत लिहिलें आहे. मेलेल्या देहांत प्राण घालणाऱ्या माणसाची कथा या मुलीला कोठून सुचली, हें मग निराळें सांगावयास नको. ज्याला आपण भयकथा म्हणून वाचतों, तिच्या तळाशीं एका आईचें दुःख आहे.

पोलिडोरीनें त्याच मुक्कामांतील एका कल्पनेवरून 'द व्हँपायर' ही कथा लिहिली. १८१९ सालीं ती बायरनच्या नांवावर छापली गेली. रक्तपिपासु परंतु सभ्य सरदार इंग्रजी वाङ्मयांत प्रथम येथें आला, आणि त्याचाच वारस म्हणजे १८९७ सालचा ड्रॅक्युला. त्याचा कर्ता ब्रॅम स्टोकर हा डब्लिनचा, म्हणजे साविनच्याच देशांतला. येथें आपला वेताळहि थोडासा येतो. रिचर्ड बर्टन यानें वेतालपंचविंशतीतील कांहीं कथा १८७० सालीं 'विक्रम अँड द व्हँपायर' या नांवानें इंग्रजींत आणिल्या. स्टोकरची बर्टनशीं ओळखहि होती. परंतु वेताळाला व्हँपायर म्हणणें त्याच्यावर अन्याय करणें होय. आपला वेताळ प्रेतांत शिरून झाडाला लोंबकळतो खरा, पण राजाला तो कोडीं घालतो, आणि शेवटीं कपटी योग्यापासून वांचवितो. गोव्यांत आणि कोंकणांत तर कित्येक गांवांचा तो रक्षणकर्ता देव आहे.

या राक्षसांना आज जें रूप आहे, तें पुस्तकांनीं दिलेलें नसून चित्रपटांनीं दिलेलें आहे. सूर्यकिरण लागतांच ड्रॅक्युला नाहींसा होतो, असें सर्व जण समजतात. स्टोकरच्या पुस्तकांतील ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यांतून दिवसा हिंडतो! उन्हानें मरणारें पिशाच प्रथम दिसलें तें १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटांत. त्या पटाच्या निर्मात्यांनीं स्टोकरच्या विधवा पत्नीची परवानगी घेतली नव्हती. तिनें फिर्याद केली, आणि १९२५ सालीं न्यायालयानें सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. पण कांहीं प्रती परदेशीं गेलेल्या होत्या, त्या उरल्या. पुढें १९३१ सालीं हॉलिवुडांत एकाच वर्षांत 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' हे दोन बोलपट निघाले. पहिल्यांतील नट बेला लुगोसी हा इतका त्या भूमिकेचा होऊन राहिला कीं, १९५६ सालीं त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यांतच पुरण्यांत आलें. दुसऱ्यांत राक्षस झालेला नट म्हणजे बोरिस कार्लोफ. चपट्या माथ्याचें, मानेला खिळे असलेलें जें सोंग मुलें आज घेतात, तें या पटासाठीं जॅक पीअर्स या रंगभूषाकारानें घडविलें.

या कार्लोफची वंशकथा आमच्या श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे. त्याचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट. त्याची आजी, आईची आई, ही ॲना लिओनोवेन्स या बाईची सख्खी बहीण. सयामच्या राजाच्या मुलांना शिकविण्यासाठीं १८६२ सालीं जी शिक्षिका गेली, आणि जिच्यावर पुढें नाटकें-चित्रपट निघाले, तीच ही ॲना. ती १८३१ सालीं जन्मली कोठें, तर आपल्या अहमदनगरास, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे! तिचा बाप कंपनी सरकारच्या फौजेंत सार्जंट होता. जगाला भिवविणाऱ्या राक्षसाचें आजोळ असें नगरच्या लष्करांत निघतें. आणि हा राक्षस तरी कसला? कार्लोफ सांगत असे कीं, लहान मुलें त्याला पत्रें पाठवीत, आणि त्यांत भीति नसून त्या राक्षसाविषयीं कणव असे. मोठ्या माणसांना जें दिसलें नाहीं, तें मुलांनीं ओळखिलें होतें.

इतर सोंगांबद्दल थोडक्यांत सांगतों. पट्ट्या गुंडाळलेली 'ममी' १९३२ सालच्या पटांतून आली. तिच्यामागें तुतनखामेनच्या थडग्याची बातमी होती. तें थडगें नोव्हेंबर १९२२ मध्यें सांपडलें, आणि खोदकामाचा आश्रयदाता लॉर्ड कार्नार्व्हन पुढच्या एप्रिलमध्यें वारला. लगेच फॅरोच्या शापाची हूल उठली. डांस चावलेल्या जागीं जखम होऊन ती चिघळली, हें त्याच्या मरणाचें कारण. आणि जो थडग्यांत सर्वांच्या आधीं शिरला तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. 'वुल्फ मॅन', म्हणजे लांडगा होणारा मनुष्य, १९४१ सालचा. त्याची कथा लिहिणारा कर्ट सियोडमाक हा नात्झींच्या अमलामुळें जर्मनी सोडून आलेला यहुदी होता. त्या कथेंत ज्याचा बळी जावयाचा त्याच्या तळहातावर तारा उमटतो; आणि त्याच वर्षीं जर्मनींत यहुद्यांना अंगावर पिवळा तारा लावण्याची सक्ति झाली. १९७८ सालीं 'हॅलोवीन' याच नांवाचा चित्रपट निघाला. तो कॅलिफोर्नियांत वसंत ऋतूंत घेतलेला; म्हणून पानगळ दाखविण्यासाठीं कागदी पानें रंगवून पसरीत, आणि दृश्य संपलें कीं तींच गोळा करून पुढच्या दृश्याला वापरीत.

नभोवाणीवर बोलतांना एक गोष्ट वगळून चालणार नाहीं. १९३८ सालीं ३० ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या आदल्या रात्रीं, ऑर्सन वेल्स यानें एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून एक श्रुतिका सादर केली. मंगळावरील प्राणी न्यू जर्सींत उतरल्याच्या बातम्या मधूनच येत आहेत, अशी तिची मांडणी होती. कांहीं श्रोते खरोखरच घाबरले. परंतु दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं देशभर हाहाकार झाल्याचें जें वर्णन छापलें, तें फार फुगविलेलें होतें, असें पुढील संशोधकांचें मत आहे. नभोवाणी ही त्या वेळीं वर्तमानपत्रांची नवी प्रतिस्पर्धी होती, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. भुताची गोष्ट रचणारा एक असतो, आणि तिची भीति वाढविणारे दुसरेच असतात.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. हॅलोवीनचा सर्व आधार एकाच गोष्टीवर आहे: परक्याच्या मुलासाठीं आपलें दार उघडणें, आणि परक्याच्या दारीं आपलें मूल पाठविणें. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत या विश्वासालाच धक्का बसला. कोणी दुष्ट मनुष्य अनोळखी मुलांना विष घातलेली मिठाई, टांचणी खुपसलेलें सफरचंद देतो, अशी बोलवा अमेरिकेंत पसरली. १९८२ सालीं शिकागोकडे डोकेदुखीच्या गोळ्यांत कोणी तरी सायनाइड मिसळून सात जणांचा प्राण घेतला, तेव्हां ही भीति शिगेला पोंचली. आईबाप झोळ्या तपासूं लागले. घरचा केलेला लाडू-केक देणें बंद पडलें. फक्त वेष्टनांतली विकतची मिठाई चालूं लागली.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानें १९५८ पासूनच्या वर्तमानपत्रांतील अशा बातम्यांचा माग काढला. अनोळखी माणसानें या रात्रीं भलत्याच मुलाला विषारी मिठाई देऊन मारल्याचें एकहि सिद्ध प्रकरण त्याला आढळलें नाहीं. विषारी मिठाईनें एक मूल मेलें तें १९७४ सालीं, टेक्सासमध्यें. तें विष परक्यानें घातलें नव्हतें. विम्याच्या रकमेसाठीं खुद्द बापानें घातलें होतें. या बोलव्याच्या आड आपला गुन्हा लपेल, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब चुकला, आणि १९८४ सालीं त्याला देहान्त शासन झालें.

मग त्या रात्रीं खरा धोका कशाचा? उत्तर अगदीं साधें आहे. मोटारींचा. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील अमेरिकेंतील अपघातांची पाहणी २०१९ सालीं एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध झाली. आसपासच्या इतर संध्याकाळांशीं तुलना करितां, हॅलोवीनच्या संध्याकाळीं पादचाऱ्यांचा मृत्यु होण्याचा संभव सुमारें ४३ टक्क्यांनीं अधिक भरला, आणि लहान मुलांच्या बाबतींत तर तो कित्येक पट अधिक होता. काळे झगे, डोळ्यांवर मुखवटे, अंधार, आणि हर्षानें रस्ता ओलांडून धांवणारीं मुलें. यांत न समजण्याजोगें कांहीं नाहीं. अमेरिकेंत उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करितात. २००७ पासून तीं मागें करण्याचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारावर नेला, त्यामुळें या संध्याकाळीं उजेड तासभर अधिक लाभूं लागला. विषाच्या भीतीनें जितकी खळबळ उडाली, तितकी या साध्या गोष्टीनें कधींच उडाली नाहीं. मोटार ही रोजच्या पाहण्यांतली. तिला शिंगें नाहींत, सुळे नाहींत. मग तिची भीति वाटावी कशी?

यावरून भुतांची सोंगें घेणें वेडेपणाचें ठरतें काय? माझ्या मतें नाहीं. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं गोव्यांत तरुण मंडळी नरकासुराची उग्र प्रतिमा उभारून मिरवितात आणि पहांटे जाळतात. आपल्याकडे घरोघर अभ्यंगस्नानानंतर पायाच्या अंगठ्यानें कारीट चिरडतात. कारीट हें भोपळ्याच्याच कुळांतलें फळ. २०२४ सालीं तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. या चालींचा हॅलोवीनशीं वंशसंबंध मुळींच नाहीं. पण दोन्हीकडे मनुष्यानें एकच शहाणपण केलें आहे. अंधार वाढूं लागला म्हणजे मनांतील भयाला एक तोंड द्यावें, एक तारीख द्यावी, आणि मुलांना त्याच्याशीं खेळूं द्यावें. खेळून झालेलें भय मग घर व्यापून बसत नाहीं. वाईट असतें तें नांव-रूप नसलेलें भय, जें शेजाऱ्याविषयीं कानांत कुजबुजतें आणि दार लावून घ्यावयास सांगतें.

आपल्यापैकीं अनेकांचीं नातवंडें आज अमेरिका-कॅनडांत वाढत आहेत, आणि तींहि त्या संध्याकाळीं झोळी घेऊन निघतात. दूरध्वनीवर तीं आपलें सोंग वर्णन करून सांगतील, तेव्हां आजी-आजोबांनीं नाक मुरडूं नये, आणि विषाच्या गोष्टी सांगून भिववूंहि नये. फक्त इतकें सांगावें: बाळ, मुखवट्याऐवजीं तोंडाला रंग लाव, म्हणजे दोन्ही बाजूंचें नीट दिसेल, झग्यावर पांढरा पट्टा शिवून घे, रस्ता थांबून, पाहून ओलांड, आणि हातांत विजेरी असूं दे.